उपाशी मातीचं झाड

आमची बाग अमरावतीच्या परकोटाबाहेर, अंबा नाल्याच्या अंगाला होती. शेवंती, मोगरा, झेंडू आणि विहिरीलगत जाईचे मांडव. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासू नव्हती. घरात सासरे, माझा नवरा आणि मी, एवढीच माणसं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. फूल कसं तोडावं हे मला त्यांनीच शिकवलं. देठ ओढायचा नाही, नखानं कुरतडायचा नाही, अंगठ्यानं हलकेच मागं लववायचा की आपोआप हातात येतो.

हे सगळं मी सांगते आहे आणि माझा नातू लिहून घेतो आहे. तो शाळेत शिकवतो, त्यामुळे लिहिण्याची भाषा त्याची. बोलणी मात्र ज्याची त्याची तशीच ठेव, असं मी त्याला बजावलं आहे.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत कापसाचे ते वेडे दिवस आले. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला एवढंच दिसत होतं की जे अडते कधी गावाकडे फिरकत नसत ते बांधावर येऊन उभे राहत होते. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली. ज्वारीची शेतं मोडली, कुरणं मोडली, मसणवटीच्या कडेची पट्टीसुद्धा नांगरली. मग आमची बाग कशी सुटणार?

"बाबा, शेवंतीनं कोनाचं भलं झालं?" माझा नवरा म्हणाला.

"आजवर पोट भरलं नं तिनं?"

"आजवर दुसरं काई नव्हतं. आता सारा मुलूख कापूस पेरून राहिला. आपनच काहून मांगं राहाचं?"

मामाजी वाद घालणाऱ्यांपैकी नव्हते. नांगर यायच्या आदल्या दिवशी मात्र ते सकाळपासून वाफ्यात बसले आणि शेवंतीचे सगळे गड्डे त्यांनी हातानं उपटून काढले. फाळानं मुळं कापली जाऊ नयेत म्हणून. ते गड्डे त्यांनी विहिरीच्या भोवती जिथं जागा मिळेल तिथं लावले. त्यातले निम्मे शेजारच्या शेळ्यांनी खाल्ले. उरलेल्यांना दाटीत ऊन मिळालं नाही, तेही गेले. माझा नवरा वाईट माणूस नव्हता, हे मी इथेच सांगून ठेवते. जे सगळे करत होते ते त्यानं केलं. पण मामाजींच्या हाताला काम उरलं नाही, आणि बिनकामाचा माळी दिवसभर अंगणात बसला की घर कसं होतं ते मी पाहिलं आहे.

त्याच सुमाराला कॅम्पातल्या एका बंगल्यात माळी हवा असल्याचं कानावर आलं. तिथला साहेब कापूस घेऊन मुंबईला पाठवायचा. मामाजी गेले. पाणी शेंदायला आणि निंदायला मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

साहेबाची मडम वयानं माझ्याहून थोडीच मोठी असेल. तोंडावर तांबूस ठिपके, डोक्यावर गवताची टोपी. ती मोडकी हिंदुस्थानी बोलायची. अडलं की बंगल्यातला बुढा खानसामा मध्ये पडून समजावून सांगायचा. तिचं बोलणं मी इथे आपल्यासारखंच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला हसू येईल, आणि ती हसण्यासारखी बाई नव्हती.

आम्ही गेलो त्या आठवड्यात तिच्या माहेराहून एक काचेची पेटी आली. जहाजातून मुंबईला, तिथून आगगाडी जिथवर आली होती तिथवर, आणि पुढे बैलगाडीनं. पेटीत मातीत रोवलेली तीन झुडपं होती. मला वाटलं होतं, एवढ्या लांबून आलेलं झाड म्हणजे काही राजेशाही असेल. पाहिलं तर गुडघ्याएवढीही उंची नाही. काटक्या काटक्या, आणि त्यांना मुंगीच्या पायाएवढी बारीक हिरवी पानं, एकावर एक चढलेली. मामाजींनी विचारलं, हे कोणतं झाड? मडमबाई म्हणाली, "हेदर."

"हैदर?" मामाजी माझ्याकडे वळले. "हे तं मानसाचं नाव झालं. निजामाकडचं झाड हाय काय?"

खानसामा पोट धरून हसला. मडमबाईला कारण कळलं नाही, तरी तीही हसली. तेव्हापासून आम्ही त्या झाडाला हैदरच म्हणत आलो. तिच्या देशात डोंगरच्या डोंगर या झुडपानं झाकलेले असतात, बर्फ पडलं तरी त्याची पानं हिरवीच राहतात आणि बहर आला की डोंगर जांभळा होतो, असं तिनं सांगितलं. मामाजी मान हलवत ऐकत राहिले. बर्फ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं झाड त्यांच्याच हातून गेलं. त्यांनी ते चांगल्या काळ्या मातीत लावलं, जुनं शेणखत घातलं, विहिरीचं पाणी दिलं. आपल्या घरी पाहुणा आला की आपण त्याच्या ताटात जे वाढतो तेच त्यांनी वाढलं. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली, मग तांबूस झाली आणि हात लावला की भुकटी होऊन गळू लागली. मामाजींना काही उमजेना. त्यांनी आणखी खत घातलं.

मडमबाई आली, वाकली आणि तिनं ते झाड मुळासकट उपटलं. मला वाटलं, आता आमची चाकरी गेली. ती रागावली नाही. खाली बसून तिनं मुळं पाण्यात धुतली आणि मामाजींसमोर धरली. बाळाच्या जावळासारखी बारीक मुळं होती, आणि टोकाशी सगळी काळी पडलेली.

"बाबा, हे झाड उपाशी मातीत वाढतं," ती म्हणाली. "त्याला खत दिलं की त्याची मुळं जळतात. याला फार देणारा याला मारतो."

"तुमाले हे कोनं शिकवलं, बाई?"

तिनं आपले हात पुढे केले. मडमेचे हात मी त्याआधी एवढ्या जवळून पाहिले नव्हते. बोटांच्या पेरांवर जुने वण होते आणि अंगठ्याचं कातडं निबर होतं, आमच्यासारखंच. "माझा बाप माळी आहे," ती म्हणाली. "एका मोठ्या जमीनदाराच्या बागेत. लग्न होईपर्यंत मी त्याच्या हाताखाली काम केलं. ही झुडपं त्यानंच आमच्या घरामागच्या टेकडीवरून खणून पाठवली."

मामाजींनी ते हात निरखून पाहिले. मग मला म्हणाले, "सुनबाई, हे तं आपल्यातलीच निंगाली." त्या दिवसापासून ते तिला हुकूम विचारायला जात नसत, सल्ला विचारायला जात.

पुढं मी जे शिकले ते त्या दोघांच्या बोलण्यातून. एकदा तिनं खानसाम्याकडून सिरका, म्हणजे लोणच्यात घालायचा आंबट अर्क, मागवला आणि आमच्या काळ्या मातीवर ओतला. माती फसफसली. मातीत चुना आहे, ती म्हणाली, आणि या झाडाला चुना म्हणजे विष. विहिरीचं पाणीही तसंच. मामाजींनी तिला आमच्या रांजणाच्या आतून धरलेला पांढरा थर दाखवला, तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. मग पन्हाळीचं पावसाचं पाणी साठवायला आम्ही मोठे मातीचे डेरे मांडले आणि त्यावर फडकी बांधली. उरलेली दोन झाडं कुंड्यांत त्याच पाण्यावर तगली. पण तगली एवढंच. वाढ नव्हती. पेटीतून आलेली माती झडत चालली होती आणि तशी आंबट, हलकी माती आमच्या मुलखात कुठून आणायची?

"लाल माती डोंगरात हाय," मामाजी म्हणाले. "परतवाड्याच्या वरतं, चिखलदऱ्याकडे. तरनेपनी पाह्यली होती म्या."

साहेबानं गाडीवान पाठवतो म्हटलं. मामाजी नको म्हणाले. गाडीवान कोणतीही लाल माती भरून आणेल. मडमबाईनंही त्यांना अडवलं. पावसाळा नुकताच ओसरला होता आणि त्या दिवसांत डोंगरातला ताप किती वाईट ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तेव्हा ऐकलंही. पण मधल्या काळात बंगल्यावर एक बातमी आली. मडमबाई दोन दिवस बाहेर आली नाही. खानसाम्यानं आम्हाला हळूच सांगितलं, तिचा बाप गेला. पेटी समुद्रावर होती तेव्हाच गेला होता.

तिसऱ्या दिवशी ती बागेत आली तेव्हा काळ्या कपड्यांत होती. कुंडीपाशी बसली आणि बोटानं वरची माती मोकळी करू लागली. मामाजी तिच्यापासून चार हातांवर उकिडवे बसले.

"बाई, म्या जातो मातीले," मामाजी म्हणाले.

"नका जाऊ, बाबा."

"बापाच्या हातचं झाड हाय. मरू कसं द्याचं?"

त्या रोजी घरी जाताना मी त्यांना म्हटलं, "मामाजी, तुमचं वय झालं. कोनी दुसरं नाई काय जायाले?"

"पोरी, माही बाग गेली," ते चालता चालता म्हणाले. "आता एक झाड वाट पाहून राहिलं माही. जाऊ दे मले."

परतवाड्याकडे माल नेणाऱ्या एका ओळखीच्या गाडीवर ते गेले.

ते परत आले ते पोती घेऊन, आणि चेहरा असा की जणू पोरगं तीर्थ करून आलं आहे. वरच्या एका कोरकू वस्तीत राहिले होते. तिथल्या माणसांनी त्यांना ओढ्याकाठची लाल माती दाखवली, आणि नेच्याच्या मुळांखालचा कुजका काळा पाचोळाही खणून दिला. मडमबाईनं मातीवर सिरका ओतला. माती गप्प राहिली. तिनं मामाजींकडे पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

झाडं कशी लावली ते मला अजून पाठ आहे. कुंडीच्या तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे, म्हणजे पाणी साचणार नाही. वर लाल माती, कुजका पाचोळा आणि नदीची धुतलेली रेती. शेण नाही, राख तर मुळीच नाही. झाड खोल गाडायचं नाही, खालची पानं मातीला टेकतील इतकंच. माती सदा ओलसर, पण चिखल कधी नाही. ही मुळं एकदा सुकली की पुन्हा पाणी पीत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन आणि त्यानंतर सावली. उन्हाळ्यात भोवती वाळ्याच्या ताट्या बांधून त्या भिजत्या ठेवायच्या. फुलं सुकली की शेंडे छाटायचे, पण हिरव्या भागातच, कारण जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही. आणि नवं रोप हवं असेल तर खालची फांदी वाकवून मातीत दाबायची आणि वर दगड ठेवायचा. हे शेवटचं मडमबाई सांगू लागली तेव्हा मामाजी हसले. "हे तं आमच्या मोगऱ्याचं दाब कलम," म्हणाले, आणि तिच्या आधी त्यांनीच फांदी वाकवली.

माती आणल्याला फार दिवस झाले नसतील, मामाजींना थंडी वाजून ताप भरला. डोंगराचा ताप. एक दिवस यायचा, एक दिवस सोडायचा. मडमबाई कोयनेल, ते तापावरचं कडू औषध, घेऊन स्वतः आमच्या घरी आली. आमच्या आळीत कधी मडम आली नव्हती. बाया दारातून पाहत होत्या. ती अंगणात लिंबाखाली उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. आमच्यात चालणार नाही हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. मामाजींची बाज आम्ही बाहेर आणली.

"बाबा, माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

"नाई वं बाई. म्या माह्या मनानं गेलो. हैदर कसा हाय?"

"नवी पालवी आहे. टोकांना."

"पानी कोन देते?"

"तुमची सून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. कोयनेलनं ताप उतरला, पुन्हा आला, पुन्हा उतरला. अंगात मुळात रक्त उरलं नव्हतं. एके सकाळी मी पेज घेऊन गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. हाक मारली. खांदा हलवला. मग पेजेची वाटी खाली ठेवून मी नवऱ्याला शेतातून बोलवायला धावले. तो कापसाच्या झाडांमधून येताना मला दिसला आणि माझं तोंड पाहूनच त्याला कळलं.

तेरवीला मडमबाई पुन्हा आली, रित्या हातानं. माझा नवरा उठून तिच्या पुढ्यात गेला.

"एका काडीपायी माहा बाप गेला, बाई," तो म्हणाला. साहेबाच्या बायकोशी असं कोण बोलतं? खानसाम्यानं बोलण्याचा अर्थ सांगायचं टाळलं, पण तिला तो कळला होता.

"होय," ती म्हणाली. "माझ्या बापानं खणलं आणि तुमच्या बापानं जगवलं. दोघंही राहिले नाहीत."

नवरा एकाएकी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मामाजी गेल्यापासून तो रडला नव्हता. त्या रडण्यात बापाइतकीच ती शेवंतीही होती, असं मला वाटलं, पण मी ते कधी त्याला विचारलं नाही.

मी बंगल्यावर जात राहिले. पुढच्या कार्तिकात हैदराला फुलं आली. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, फिकट जांभळी, काडीभर एका बाजूला लटकलेली. वास जवळजवळ नव्हताच. आमच्या मोगऱ्यापुढे ते फूल कोणी हातातही धरलं नसतं. मडमबाईनं मला हाक मारली नाही. मी डेऱ्यातलं पाणी घेऊन गेले तेव्हा ती कुंडीपाशी जमिनीवरच बसलेली होती. मीही बसले. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या मुलखाच्या आम्ही दोघी तिथं किती वेळ बसलो होतो कोण जाणे. एकदा तिनं विचारलं, "बाबांना आवडलं असतं?" मी म्हटलं, "ते म्हनले असते, एवढंसंच?" ती हसली, आणि हसता हसताच तिला हुंदका आला.

मग अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस जसा चढला होता तसा कोसळला. बोराच्या झाडाखाली सडा पडावा तसे मोठमोठे व्यापारी पडले. साहेबाचा धंदा बुडाला. बंगल्यातलं सामान विकायला बाहेर मांडलं तेव्हा मडमबाईनं मला बोलावलं. दोन्ही कुंड्या आणि दाब देऊन केलेली तीन रोपं तिनं माझ्यापुढे ठेवली.

"हे मी परत नेऊ शकत नाही," ती म्हणाली. "आणि तिकडे याला तोटा नाही. तुझ्याकडे राहू दे."

"आमच्या घरी याले दुपारची सावली नाई, बाई. उन्हाळा निंगनार नाई."

"मग जिथं निघेल तिथं लाव. मला कळवू नकोस. जगलं असं मी धरून चालेन."

बडनेऱ्याला तेव्हा नवी आगगाडी येऊ लागली होती. त्यांना सोडायला मी तिथवर गेले नाही. बंगल्याच्या फाटकाशीच तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि गाडी निघून गेली.

घरी नवरा दोन दिवस त्या कुंड्यांच्या बाजूनं येत-जात राहिला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "कुठून आनली होती बाबानं माती?"

"चिखलदऱ्याकडून. कोरकूच्या वस्तीपासून."

"गाडी जुंपतो. सांग त्या झाडाले, डोंगरावर जायाचं हाय."

अशी आम्ही दोघं त्या वर्षी वर गेलो. परतवाड्याच्या पुढे चढ लागला तेव्हा बैलांना ओझं नको म्हणून तो खाली उतरला आणि एक कुंडी कडेवर घेऊन चालू लागला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला मामाजी आठवत होते. त्यानं ओढ्याकाठची जागा दाखवली. उत्तरेकडचा उतार, सकाळचं ऊन, खाली निचरा. मी सांगत गेले आणि नवरा खणत गेला. खड्डा उथळ ठेव, म्हटलं. फांदी वाकवून दगड ठेव, म्हटलं. मला वाटलं होतं की तो चिडेल, पण त्यानं निमूटपणे सगळं केलं. शेवटचं रोप लावून झाल्यावर त्यानं हात मातीत तसेच ठेवले आणि विचारलं, "बाबा माह्यावर रागावून गेला काय?"

"रागावले असते तं बोलले असते," मी म्हटलं. "ते तुमच्यासाठी भाकरी झाकून ठेवत. ताप होता तरी."

तो बराच वेळ ओढ्यात हात धूत राहिला.

पुढची काही वर्षं आम्ही पावसाळा सरला की वर जायचो. पाच झाडांपैकी दोन जगली होती आणि दाब दिलेल्या फांद्यांतून आणखी काही उठली होती. कार्तिकात त्या उतारावर जांभळी झाक दिसायची, चादर अंथरावी एवढीच. वस्तीतल्या पोरी ती फुलं केसांत घालत. मग माझी बाळंतपणं झाली, जाणं थांबलं. नंतर ऐकलं की एका उन्हाळ्यात वणवा त्या अंगानं आला होता. झाडं राहिली की गेली, मला माहीत नाही. माझा नवरा आता नाही आणि माझे गुडघे चढ चढत नाहीत.

डोंगरावरून पहिल्यांदा परत आलो त्या वर्षी पेरणीच्या वेळी नवऱ्यानं विहिरीकडचा अर्धा तुकडा कोरा ठेवला. मी विचारलं, इथं काय पेरायचं? तो म्हणाला, "तूच सांग. बी कुठून आनाचं ते मले ठाऊक नाई." मी दर्यापुराकडच्या माझ्या माहेराहून शेवंतीच्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेली रोपं, आणल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून त्या वाफ्यात लावल्या.